दोनशे चौदा वाचक

दिघा, ५ जानेवारी

आकाश,

आप्पांच्या ब्लॉगवर उजव्या कोपऱ्यात अजून ‘२१४ वाचक’ असं दिसतं. आपोआप मोजणारा तो आकडा तूच लावून गेला होतास. आप्पा जाऊन दोन वर्षं होतील, त्यांच्या ‘रिलिव्हर’वर, ते गेल्याची पोस्ट सोडली तर, एक ओळ आलेली नाही, आणि आकडा मात्र जागचा हललेला नाही. मी त्याच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. आई देते. सकाळी बुद्धवंदना झाली की ती मला फोनवर ते पान उघडायला लावते, आकडा बघते आणि फोन परत देते. तिच्या हिशेबाने दोनशे चौदा माणसं रोज आप्पांचं वाचायला बसतात.

गेल्या रविवारी मी सर्व्हरच्या नोंदी काढून तो आकडा तपासला.

त्यातले एकशे सत्तर, ब्लॉग गोळा करून वाचायला देणाऱ्या एकाच मोठ्या सेवेकडून येतात. ती सेवा फीड, म्हणजे नव्या मजकुराची यादी, घ्यायला येते आणि येताना सांगते, माझ्याकडे तुमचे एवढे वर्गणीदार आहेत. त्यांनी शेवटचं कधी उघडलं हे ती सांगत नाही. खातं उघडून विसरलेला माणूस त्यात असतो. मेलेला माणूसही असतो. आप्पा स्वतः त्यात आहेत. त्यांचं खातं मी बंद केलेलं नाही.

उरलेल्यांत बहुतेक मजकूर उचलून जाहिरातींच्या पानांवर टाकणारे प्रोग्रॅम आहेत. ते वजा केले तर हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके राहतात, आणि त्यांतला एक तुझा आहे. बारावीच्या सुट्टीत तू लिहिलेला प्रोग्रॅम, ‘डोमकावळा’. प्रत्येक प्रोग्रॅम येताना आपलं नाव सांगतो, आणि हे नाव दुसऱ्या कोणी दिलं असेल असं मला वाटत नाही. तो दर तासाला दोनदा येतो, एकदा लेखांच्या फीडवर आणि एकदा प्रतिक्रियांच्या. ओळी दोन, धनी एक, म्हणून मी एकच धरला.

यावरून तू वाचतोस असं मी म्हणत नाही. डोमकावळा ज्या यंत्रावरून येतो ते भाड्याचं आहे, परदेशातल्या कुठल्याशा डेटा केंद्रात. तो पत्ता यंत्राचा आहे, माणसाचा नाही. मी महाप्याला अशाच केंद्रात काम करते. मालक वर्षानुवर्षं फिरकलेला नाही आणि यंत्र आपलं चालू आहे, हे रोज बघते. आप्पा गेल्याची पोस्ट डोमकावळ्याने तासाभरात उचलली होती. नंतर कोणी आलं नाही.

हे पत्र ब्लॉगवर कोणालाही दिसणार नाही. डोमकावळा आला तर त्यालाच हे द्यायचं, असं सर्व्हरला सांगून ठेवलं आहे.

लिहिण्याचं कारण एवढंच, की इमारतीला बेकायदा म्हणून पुन्हा नोटीस लागली. या वेळी तिच्यावर तारीख आहे, चार फेब्रुवारी. त्या दिवशी पाडणार.

आई बरी आहे.

राजश्री


दिघा, १४ जानेवारी

आकाश,

पहिलं पत्र डोमकावळ्याने घेतलं. नोंदीत दिसलं. त्यापुढे काही दिसलं नाही.

इमारतीत आता आठ घरं उरली आहेत. बाकीचे गेले. जाताना खिडक्यांचे गज, नळ, संडासाचे दरवाजे काढून नेले, त्यामुळे जिन्यातून वर जाताना थेट लोकांच्या मोऱ्या दिसतात. मी घणसोली गावठाणात एक खोली बघून ठेवली आहे. सामान बांधायला दोन दिवस लागतील. अडचण सामानाची नाही.

आई निघायला तयार नाही. तिचं म्हणणं, तू येशील तर इथे येशील. तुला दुसरा पत्ता माहीत नाही. मी म्हटलं, तो पाच वर्षांत आला नाही. त्यावर ती म्हणाली, “बापाचं वाचाया दोनशे चौदा मान्सं हायेत, आन पोरगं नसंल व्हय त्यात?”

मग मी तिला आकडा समजावून सांगितला. दुधाच्या रतीबाचं उदाहरण दिलं. पिशवी रोज दाराला लागते, पण म्हणून घरात माणूस आहेच असं नाही. रतीब बंद करायचं राहून गेलेलं असू शकतं. तिने नीट ऐकलं. म्हणाली, “रतीब बंद न्हाई ना केला त्यानं? मंग झालं तर.”

माहिती अपुरी असताना दोन्ही बाजूंनी तेवढंच बोलता येतं.

तिने दुसरं एक सांगितलं ते लिहिते, कारण ते तुझ्याबद्दल आहे. कंपनीत आप्पांचा नियम तुला माहीत आहे. रिलिव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, येऊन यंत्र ताब्यात घेईपर्यंत जागा सोडायची नाही, पाळी संपली तरी. रिलिव्हर यायचा नसेल तर त्याने तसं कळवायचं. एकदा कोणी कळवलं नाही आणि आप्पा सलग तीन पाळ्या उभे होते. घरी आले ते पाय बुटातून निघेनात. ब्लॉगचं नाव त्यावरूनच पडलं. आई म्हणते, “त्यो निस्त्या मशिनीसाठी उभा राह्यला. म्या काहून सोडू? लेकरू यायचं आन घराला दारच नसायचं.”

गच्चीवरची मीटिंग ती कधी बोलून दाखवत नाही. इमारतीतली बारा घरं तुझ्या शब्दावर विकली गेली. बिल्डरच्या ऑफिसात बसून ‘कागद पक्के आहेत’ असं तू सगळ्यांना सांगितलंस, आप्पांनाही. पहिली नोटीस लागली तेव्हा लोक गच्चीवर तुला विचारायला जमले आणि तू तेच वाक्य पुन्हा म्हणालास. मी तिथे होते. तुलाही तेव्हा ते खरं वाटत होतं, असं माझं मत आहे, पण ते मत आहे. आप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, हा माझा कोणी लागत नाही. तू बॅग घेऊन गेलास.

त्यानंतर आप्पांनी ब्लॉगवर त्याबद्दल काही लिहिलं नाही. लिहीत राहिले ते व्हॉल्व्ह, पाळ्या आणि कँटीनमधल्या डाळीबद्दल. पण संध्याकाळी मला विचारायचे, “आला होता का?” मी नोंद बघून सांगायचे, आला होता. यंत्र आलं होतं की माणूस, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

या पत्राच्या शेवटी एक दुवा आहे. तो दुसरीकडे कुठेही दिलेला नाही. उघडलास की मला दिसेल. त्या पानावर काही नाही, कोरं आहे. वाचायची सक्ती नाही.

राजश्री


दिघा, २२ जानेवारी

आकाश,

दुवा उघडला गेला.

मी नोंद बघितली तेव्हा ऑफिसात होते. उठून पाणी पिऊन आले आणि पुन्हा बघितली. डोमकावळ्याने पत्र घेतल्यावर एका सेकंदात दुवा उघडला होता. माझं पत्र दीड पानाचं होतं. एका सेकंदात कोणी मराठी वाचत नाही. तुझा प्रोग्रॅम मजकुरातले दुवे आपणहून उघडून ठेवतो, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. तो तू लिहिलास तेव्हा मी शेजारीच बसलेली होते. पत्रात चित्र टाकून ते उघडलं गेलं का हे बघण्याचाही उपयोग नाही, कारण तो चित्रं घेत नाही.

आईला मी यातलं काही सांगितलं नाही. पण तिने माझ्याकडे बघून विचारलं, काय झालं. मी म्हटलं, कामाचं आहे.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की आई बरी आहे. ते पूर्ण नव्हतं. डिसेंबरात पाण्याची जोडणी तोडली. खाली टँकर येतो. मी कामावर गेले की ती कळशी घेऊन चार मजले उतरते आणि चढते. मी पिंप भरून ठेवलं तरी उतरते. तिला शुगर आहे हे तुला माहीत आहे. डाव्या पायाला जखम झाली आहे, बोटाजवळ. डॉक्टर म्हणाले, पाय वर करून बसायचं, आणि ही बसली नाही तर पुढचं बोलणं बोटाबद्दल असेल. ती बसत नाही. रोज दाराशी, उंबऱ्याजवळ, स्टुलावर असते.

दुसऱ्या मजल्यावरच्या भागीरथीकाकू अजून आहेत, त्यांचा सौरभही. काकू टँकरच्या रांगेत आईला म्हणाल्या, “चांगुणाबाई, तुमचा मुलगा कॉम्प्युटरमधून सगळं बघतो म्हणे. मग सांगा की त्याला, नळाला पाणी पण तिथूनच सोड.”

रांग हसली. आईही हसली. मग काकूंनीच तिची कळशी उचलून दुसऱ्या मजल्यापर्यंत नेली आणि जिन्यात टेकवून ठेवली. त्याच्या वर नेली नाही. हे आईने मला सांगितलं, आणि ती काकूंवर रागावलेली नव्हती.

तू प्रतिक्रियांचं फीडही घेतोस, म्हणजे त्या तुझ्यापर्यंत पोहोचलेल्या असतात. न वाचल्या असशील तर सांगते. आप्पांच्या पोस्टखाली इमारतीतले लोक पाच वर्षं तुला लिहितात. सौरभ दर महिन्याला एकच ओळ टाकतो: ‘आकाश, भेट एकदा, बस.’ तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी लिहिलं आहे, ‘आमच्या पोरांच्या डोक्यावरचं छप्पर खाल्लंस तू, पचणार नाही.’ आणखीही आहेत, त्यांतल्या काही आईवरून आहेत. सौरभने मला एकदा जिन्यात विचारलं होतं की त्या मी काढत का नाही. मी म्हटलं, काढायला त्यात खोटं काय आहे? तो म्हणाला, “तू पण ना, राजी, सॉलिड थंड आहेस.”

असेन.

राजश्री


दिघा, २९ जानेवारी

आकाश,

हे पत्र नीट वाच. वाचणारं कोणी असेल तर.

मी शांतपणे विचार केला आहे. यंत्र आपणहून काय करू शकतं? येऊ शकतं, फीड घेऊ शकतं, दुवे उघडू शकतं. तुला काही झालेलं असेल, अगदी तीन वर्षांपूर्वी झालेलं असेल, तरी ते हे सगळं करत राहील. म्हणजे डोमकावळा येतो यावरून मला काहीच कळत नाही. मी आप्पांना ‘आला होता’ म्हणायचे, त्यात काहीच अर्थ नव्हता.

एक गोष्ट यंत्र आपणहून करत नाही. वर्गणी काढून टाकणं. त्यासाठी कोणालातरी यादी उघडून, आप्पांच्या ब्लॉगची ओळ शोधून, ती हाताने पुसावी लागते.

म्हणून मी उलटं मागते आहे. उत्तर नको, फोन नको. यायचं नसेल तर येऊ नकोस. फक्त आप्पांचं फीड तुझ्या यादीतून काढून टाक. ती नोंद थांबली की मी आईला सांगेन, तू आहेस.

यात दोन उणिवा आहेत आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. तुझं भाड्याचं यंत्रच नेमकं या आठवड्यात बंद पडलं, तर मला अगदी असंच दिसेल. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. दुसरी, तू फीड काढल्यावर पुढचं पत्र तुला मिळणार नाही. हा एकच रस्ता मला सापडला होता आणि तो मी तुला बंद करायला सांगते आहे. आईला हा भाग सांगितलेला नाही.

घणसोलीचा पत्ता मी इथे लिहीत नाही. वाचणारा आहे की नाही हे ठरल्याशिवाय पत्ता देणं मला जमणार नाही. सौरभसारखं ‘भेट एकदा’ असं मी पाच वर्षं अंधारात म्हणू शकले नसते.

काल पालिकेचे दोघे येऊन गेले. सभ्य होते. एक वयस्क होता, त्याने आईला विचारलं, “मावशी, चार तारखेला आम्ही येऊ तेव्हा तुम्ही स्टुलावर असाल का?” आई म्हणाली, “असन.” तो म्हणाला, “मग पोलीस बायका तुम्हाला उचलतील. मला ते बघायचं नाही हो.” आई म्हणाली, “तुमी नगा बघू.”

त्यांना तिने चहा दिला. चार मजले चढवलेल्या पाण्याचा.

पायाचं बोट काळं पडायला लागलं आहे. ती पायमोजा घालते, मला दिसू नये म्हणून. तीन तारखेच्या संध्याकाळपर्यंत वाट बघेन. त्यानंतर चार तारखेला जे व्हायचं ते होईल आणि मी तिच्याशेजारी उभी असेन. ही धमकी नाही. तुला सगळी माहिती असावी म्हणून लिहिलं.

राजश्री


घणसोली, ९ फेब्रुवारी

दादा,

जयभीम.

हे पत्र लेखांच्या फीडवर नाही. प्रतिक्रियांच्या फीडवर ठेवते आहे, सौरभच्या ओळीखाली, तेही फक्त डोमकावळ्यासाठी. का ते सांगते.

दोन तारखेला दुपारी डोमकावळ्याची लेखांची फेरी आली नाही. मी पहिल्यांदा मानलं ते हेच, की यंत्र बंद पडलं. मी स्वतःच तुला लिहून ठेवलं होतं की असं झालं तर फरक कळणार नाही. नोंदीचं पान बंद केलं, पुढच्या कामाला लागले. जेवायला बसले तेव्हा आठवलं की डोमकावळा दोन फेऱ्या मारतो. मी डबा तसाच ठेवून उठले.

प्रतिक्रियांची फेरी वेळेवर आलेली होती. पुढच्या तासालाही आली. त्याच्याही पुढच्या. लेखांची मात्र नाही. यंत्र चालू होतं आणि त्यातली एकच ओळ पुसलेली होती.

मी घरी गेले. आई स्टुलावर होती. मी उभ्यानेच सांगितलं, “आई, दोनशे चौदातला एक कमी झाला.”

“कोन?”

“दादा. त्याने आप्पांचं फीड काढून टाकलं.”

मऊ करून सांगायचं मला सुचलं नाही. तिने विचारलं, “मशिनीनं काढलं का त्यानं?”

“मशीन काढत नाही. हातानेच काढावं लागतं.”

“म्हंजी हात हालला त्याचा.”

“हो.”

“कदी?”

“आज दुपारी.”

तिने पदराने तोंड पुसलं. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा तुझ्यावर रागावेल, किंवा मला खोटं ठरवेल. त्यातलं काही झालं नाही. ती म्हणाली, “रिलिव्हर यायचा न्हाई म्हून कळवलं त्यानं. तेवढं कळवाया लागतं. तुझ्या बापाला तर तेवढंबी कुनी कळवलं न्हवतं.” आणि हात पुढे केला, उठव म्हणून.

दारावरची पाटी तिने स्वतः काढली, चमच्याच्या दांड्याने स्क्रू फिरवून. वर आप्पांचं नाव, खाली तुझं. मला हात लावू दिला नाही. तीन तारखेला आम्ही निघालो. भागीरथीकाकू जिन्यात भेटल्या. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं, पण आईने सांगितलं, “पोरगं हाय माजं.” काकू म्हणाल्या, “असू दे. असायलाच पाहिजे. आम्हाला कोणाला तरी शिव्या घालायच्या आहेत.” दोघी तिथेच पायरीवर बसल्या. मी सामान खाली नेलं.

चार तारखेला इमारत पाडली. मी गेले नाही. सौरभने व्हिडिओ पाठवला, तो मी उघडला नाही. न उघडल्याचं त्याच्या फोनवर त्याला दिसत असेल. काकू आणि तो उरणला त्याच्या मामाकडे गेले आहेत. तिथे जागा नाही हे दोघांनाही माहीत आहे.

आईच्या पायाचं बोट काढावं लागलं. शुक्रवारी. डॉक्टर म्हणाले, महिनाभर आधी आणलं असतं तर राहिलं असतं. हे तुला लागावं म्हणून लिहीत नाही. महिनाभर आधी फीड काढायला सांगणं मलाही सुचलं नव्हतं.

आता राहिलं ते एकच. तू आप्पांचे लेख काढलेस आणि प्रतिक्रिया ठेवल्यास. मी ‘आप्पांचं फीड’ असं लिहिलं होतं आणि तू शब्दशः तेवढंच केलंस, असं असू शकतं. दुसरी ओळ तुझ्या लक्षातच नसेल, हेही असू शकतं. तिसरी एक शक्यता मला दिसते, की जिथे आम्ही बोलत होतो ते दार तू लावलंस, आणि जिथे ते सगळे तुला शिव्या देतात ते उघडं ठेवलंस, जाणूनबुजून, आणि पाच वर्षं दर तासाला ते ऐकतो आहेस. यांतलं खरं काय हे माझ्या नोंदींवरून ठरत नाही. मी ठरवायचा प्रयत्न केला. मग सोडून दिला.

आईला प्रतिक्रियांचं सांगितलेलं नाही. तिने विचारलंही नाही. सकाळी वंदना झाल्यावर ती आता आकडा बघायला मागत नाही. मी बघते. कोपऱ्यात २१३ दिसतं. तेही खोटंच आहे, आप्पा अजून त्यात आहेतच. पण आधीच्या आणि आताच्या आकड्यातला एकाचा फरक खरा आहे. त्या सगळ्या मोजणीत माणसाने केलेली गोष्ट मला तेवढीच सापडली.

वाचणारा आहे, हे माझ्यापुरतं ठरलं आहे. म्हणून पत्ता देते. घणसोली गावठाण, तळ्याच्या मागची गल्ली, यशोदाबाईंची चाळ, आतली शेवटची खोली. यशोदाबाई इथल्याच, जुन्या. पहिल्या दिवशी आईला म्हणाल्या, “पानी चोवीस तास हाय बाय, आता खाली उतराची नाय तू.” पाटी आईने ट्रंकेत तळाशी ठेवली आहे. दारावर खडूने तिचं नाव लिहिलेलं आहे, ते पुसट झालं की मी पुन्हा लिहिते.

बेल नाही. आईला अलीकडे कमी ऐकू येतं आणि उठायलाही वेळ लागतो. कडी जोरात वाजव, आणि थोडा वेळ थांब.

राजश्री